साडेपाचची काठी

"मिस अर्नी, माझं घड्याळ म्हणतंय आपण हा मैल आठ मिनिटांत मारला!" मागून लायल ओरडला. "बायकोला फोन करून सांगू का, की मी ऑलिंपिकला निघालोय म्हणून?"

हशा पिकला. अर्नेस्टिन ब्लॅन्शर्डने मागे वळून न बघताच उजव्या हातातली काठी जरा उंच केली. काठीच्या टोकाला पाटी होती आणि पाटीवर ठळक आकडे, ५:३०. तेच आकडे तिच्या पिवळ्या शर्टावर, पुढे आणि पाठीवरही छापलेले होते.

"घड्याळाकडे बघू नका रे," ती म्हणाली. "या उंच इमारतींमध्ये सगळ्यांच्याच घड्याळांना वेड लागतं. पाटीकडे बघा. पाटी शुद्धीवर असते."

शिकागोच्या मॅरेथॉनला हे दरवर्षीचंच. शहराच्या मधल्या भागात टोलेजंग इमारतींच्या सावलीत शिरलं, की मनगटावरची महागडी घड्याळं आकाशातल्या उपग्रहांशी भांडून वाटेल ते आकडे सांगू लागतात. जुने पळणारे तिकडे लक्षच देत नाहीत. ते रस्त्याकडेच्या मैलांच्या पाट्या बघतात आणि साधं सेकंदाचं घड्याळ बघतात. अर्नेस्टिनच्या डाव्या मनगटावर कागदाची एक पट्टी गुंडाळलेली होती. कुठल्या मैलाला किती वेळ व्हायला हवा, ते तिच्यावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. तिसऱ्या मैलाची पाटी आली तेव्हा तिने पट्टी बघितली. सदतीस मिनिटं, पंचेचाळीस सेकंद. मग साधं घड्याळ बघितलं. छत्तीस मिनिटं, तीस सेकंद.

सव्वा मिनिट लवकर. उपग्रहांना वेड लागलं असेल, पण साध्या घड्याळाला काही लागलेलं नव्हतं.

"मिस अर्नी," तिच्या डाव्या कोपराशी पळणारी ओडेट हळूच म्हणाली, "आपण जरा जास्त जोरात नाही ना चाललोय?"

"सुरुवातीला सगळ्यांना तसंच वाटतं," अर्नेस्टिन म्हणाली. "गर्दीमुळे."

हे धडधडीत खोटं होतं. ते किती सहज तोंडातून निघालं याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

पेसरचं काम सांगायला सोपं आहे. पाटीवर जी वेळ लिहिली असेल, त्या वेळेला शेवटची रेघ ओलांडायची. एक मिनिट लवकर चालेल, पण एक सेकंदही उशीर चालणार नाही. आणि वाटेतला प्रत्येक मैल सारख्याच चालीने. साडेपाच तासांच्या पाटीला प्रत्येक मैल साडेबारा मिनिटं आणि वर पाच सेकंद. मागे येणाऱ्या माणसांनी काही मोजायचं नाही, फक्त काठीवर नजर ठेवून पळायचं. स्वतःच्या पायांवर ज्यांचा विश्वास नसतो ती माणसं काठीवर विश्वास ठेवतात. साडेपाचच्या काठीमागे बहुतेक अशीच माणसं असतात. पन्नाशी ओलांडलेली, वजनदार, पहिल्यांदाच पळणारी, डॉक्टरांनी भीती घातलेली.

अर्नेस्टिनलाही त्रेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनीच भीती घातली होती. सत्तावीस वर्षं तिने एकोणऐंशी नंबरची बस चालवली. स्टिअरिंगमागे बसून बसून साखर वाढली, रक्तदाब वाढला, आणि डॉक्टर म्हणाले, अशीच बसून राहिलीस तर फार दिवस बसायला मिळणार नाही. तिने चालायला सुरुवात केली, मग पळायला. पाच वर्षांनी ती पेसर झाली. गेली अकरा वर्षं हीच पाटी, हीच वेळ. पहिली दहा वर्षं ती एकदाही मिनिटाच्या आतबाहेर गेली नाही. डेपोतही तिचा हाच लौकिक होता. ब्लॅन्शर्डची बस आली की लोक आपापली घड्याळं लावून घेत, असं म्हणायचे.

गेल्या वर्षी मात्र ती पाच तास, एकतीस मिनिटं, बावन्न सेकंदांना पोचली.

पेसर मंडळींचा प्रमुख हॅल रोझेन्थाल. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेला, कधीही आवाज न चढवणारा माणूस. तो तिला बाजूला घेऊन म्हणाला होता, "अर्नी, पाटीवर साडेपाच लिहिलंय. साडेपाचच्या आसपास, असं नाही लिहिलेलं. एकदा होतं कुणाचंही. पण दुसऱ्यांदा झालं तर मला ही काठी दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल."

बोलला एवढंच, पण ते वाक्य अर्नेस्टिनच्या कानात वर्षभर वाजत राहिलं. त्यातच जूनमध्ये ती निवृत्त झाली. केक कापला, फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला कुठेच वेळेवर पोचायचं नव्हतं. सवयीने पहाटे चारला डोळे उघडत. ती उठून कपडे घाली आणि मग कशासाठी घातले याचा विचार करत स्वयंपाकघरात उभी राही. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगा ह्यूस्टनला होता. "ममा, आता आराम कर ना," तो फोनवर म्हणे. आराम म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. आपल्या पाठीमागे माणसं बसलेली आहेत आणि ती आपल्या भरवशावर कुठेतरी जाताहेत, या एका गोष्टीवर तिचं आयुष्य चाललं होतं. आता तसं घडणारा वर्षातला एकच दिवस उरला होता, आणि तो हॅलच्या पेसरांच्या यादीवर अवलंबून होता.

म्हणून तर जुलैमध्ये अर्ज भरताना तिने खोटं लिहिलं. नियम असा, की पेसर पाटीवरच्या वेळेपेक्षा अर्धा तास तरी आधी पोचू शकणारा हवा. अर्जात अलीकडच्या शर्यतीची वेळ विचारलेली होती. तिने तीन वर्षांपूर्वीची लिहिली.

उन्हाळाभर ती तळ्याकाठच्या रस्त्यावर पळली. अठरा आठवड्यांचा तक्ता फ्रिजवर चिकटवलेला होता. मंगळवारी पाच मैल, गुरुवारी सहा, रविवारी लांबची दौड. दर रविवारी उजवा खुबा नवी तक्रार घेऊन यायचा. सप्टेंबरमधल्या वीस मैलांना तिला चार तास दहा मिनिटं लागायला हवी होती, ती लागली चार पंचवीस. उकाडा होता, असं तिने स्वतःला सांगितलं. उकाडा होताच, पण दर रविवारी उकाड्याचं कारण किती दिवस पुरणार?

शेवटचे तीन आठवडे पळणं कमी करायचं असतं. पाय ताजे व्हावेत म्हणून. पळणाऱ्या माणसाला याच्यासारखी शिक्षा नाही. अंगात साठलेली धाव बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि शरीराचा प्रत्येक सांधा आपण मोडलोय असं सांगू लागतो. अर्नेस्टिनने त्या तीन आठवड्यांत ओव्हन दोनदा घासला, पडदे धुतले, हवामानाचा अंदाज दिवसातून वीस वेळा बघितला, आणि रस्त्यावरून जाणारी प्रत्येक बस खिडकीतून मोजली. त्यातच सोमवारी हॅलचा फोन आला. तिच्याबरोबर जो दुसरा पेसर असायचा त्याच्या नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता.

"एकटीने नेशील ना गट?" हॅलने विचारलं. "नाहीतर आत्ताच सांग. मी कुणाची तरी सोय करतो."

सांगायची ती शेवटची संधी होती. "नेईन की," अर्नेस्टिन म्हणाली. "अकरा वर्षं काय झोपा काढल्या मी?"

मग तिने फोन ठेवला. त्याच दिवशी तिने मनाशी ठरवलं. सुरुवातीला थोडं जोरात न्यायचं. चार मिनिटं गाठीला बांधून ठेवायची. शेवटच्या सहा मैलांत खुब्याने दगा दिला, तर ती चार मिनिटं कामी येतील.

यातली गंमत अशी, की नवशिक्यांनी हीच चूक करू नये म्हणून ती दरवर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी छातीवरचे नंबर वाटायच्या मंडपात खुर्चीवर उभी राहून तावातावाने बोलत असे. "सुरुवातीला कमावलेलं एक मिनिट शेवटी चार मिनिटं खातं! जोर आला तरी जोर करू नका!" काल शनिवारीही ती हेच बोलली होती. बोलून झाल्यावर एक ठेंगणी, गोलसर चेहऱ्याची बाई तिच्याजवळ आली होती. ओडेट फॉन्टेनो, वय चव्वेचाळीस, एका शाळेच्या भटारखान्यात सहाशे पोरांचं जेवण करणारी.

"मिस अर्नी, माझी तिसरी वेळ आहे," ती म्हणाली होती. "पहिल्या वर्षी विसाव्या मैलाला बसले. दुसऱ्या वर्षी एकविसाव्या. चायनाटाऊनमध्ये फुटपाथवर. एका म्हाताऱ्या बाईने मला चहा आणून दिला आणि मी रडत रडत प्याले. दोन्ही वेळा सुरुवातीला वेड्यासारखी पळाले होते. या वर्षी मी काही ठरवणारच नाही. तुमच्या पाठीला चिकटणार. तुम्ही वळाल तिथे वळणार, तुम्ही खोकलात तर मी खोकणार."

"खोकायची काही गरज नाही," अर्नेस्टिन म्हणाली होती, आणि दोघी हसल्या होत्या.

ती ओडेट आता खरोखरच पाठीला चिकटून पळत होती. उत्तरेकडे बागेच्या कडेने झाडांची सावली होती, तळ्यावरून गार वारा येत होता. फुटपाथवर माणसंच माणसं. कुणी भांडी बडवत होतं, कुणी कुत्र्याला टोपी घालून आणलं होतं. चर्चच्या पायऱ्यांवर गाणारी मंडळी निळ्या झग्यांत डोलत होती. चाळीसएक जणांचा गट काठीमागे गप्पा मारत चालला होता. लायल टायरच्या दुकानात काम करायचा, आणि त्याने आपलं नाव छातीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं, की अख्खं शहर त्याला हाका मारत होतं.

"बघा मिस अर्नी, मला इथे सगळे ओळखतात," तो म्हणाला. "निवडणुकीला उभा राहू का?"

"आधी सव्वीस मैल उभा राहा," अर्नेस्टिन म्हणाली.

हसणं, टोमणे, सगळं नेहमीसारखं होतं. फक्त चाल नेहमीची नव्हती. दर मैलाला वीस सेकंद पुढे. ते तिच्या पायांना कळत होतं, श्वासाला कळत होतं, आणि मागच्या चाळीस जणांना कळत नव्हतं, कारण त्यांनी कळून घेण्याचं काम तिच्यावर सोपवलं होतं.

अर्ध्या शर्यतीची पाटी आली तेव्हा दोन तास चाळीस मिनिटं आणि चाळीस सेकंद झाले होते. व्हायला हवे होते दोन पंचेचाळीस. लायलच्या ते लक्षात आलं.

"मिस अर्नी, मला गणित येतं हं थोडंफार. चार मिनिटं पुढे आहोत आपण. कुठे आग लागलीय का?"

"पुढे उपयोगी पडतील," ती म्हणाली.

"पण काल तुम्हीच तर खुर्चीवर उभं राहून..."

"पळ, लायल. बोलून दम घालवू नकोस."

तो दोन पावलं मागे सरला. अर्नेस्टिनचे कान तापले. डेपोत वेळेआधी निघणाऱ्या बसला गरम गाडी म्हणत. उशिरा आलेल्या ड्रायव्हरला साहेब दोन शब्द बोलून सोडून देत, पण गरम गाडी नेणाऱ्याला सरळ घरी बसवत. कारण उशिरा येणारी बस निदान येते तरी. वेळेआधी गेलेली बस मात्र तिच्या भरवशावर घरून निघालेल्या माणसाला थांब्यावर तसंच सोडून जाते, आणि त्याचा काही दोष नसतो. सत्तावीस वर्षांत तिने एकदाही गरम गाडी नेली नव्हती. आत्ता अजून वेळ होती. पुढच्या पाण्याच्या टेबलांपाशी सगळ्यांना चालायला लावलं असतं, तर दोनतीन मिनिटं सहज परत देता आली असती.

टेबलं आली. तिने पाण्याचा पेला उचलला, पळता पळताच दोन घोट घेतले, उरलेलं डोक्यावर ओतलं, आणि ती चालली नाही. खुबा दुखायला लागला होता. हॅलच्या यादीतलं आपलं नाव तिला त्या वेळी चाळीस जणांपेक्षा मोठं वाटलं. नंतर ती स्वतःला हे स्पष्ट शब्दांत सांगणार होती. त्या क्षणी तिने स्वतःला काहीच सांगितलं नाही.

आता तिने चाल पाटीच्या वेळेवर आणली, पण उशीर झाला होता. पश्चिमेच्या उघड्या रस्त्यांवर ऊन आलं आणि गट गळायला लागला. आधी मागचे गेले, मग मधले.  पाठीमागचा पावलांचा आवाज कमी कमी होत गेला. सतराव्या मैलाला लायलचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "मी टॅक्सी करून येतो."

त्यावर हसायला फारसं कुणी उरलं नव्हतं. एकोणिसाव्या मैलाला काठीमागे चार जण होते. पिल्सन वस्तीत पोचेपर्यंत, जिथे ढोल आणि तुताऱ्या कानठळ्या बसवत होत्या आणि बायका संत्र्याच्या फोडी हातात कोंबत होत्या, ओडेट एकटी उरली होती.  तिची नजर अर्नेस्टिनच्या पाठीवरच्या आकड्यांवर खिळलेली होती आणि ओठ हलत होते. बहुधा प्रार्थना करत असावी, किंवा आकडे मोजत असावी.

"विसावा गेला, ओडेट," अर्नेस्टिन म्हणाली.

"हो."

"एकविसावा आला बघ."

"हो, मिस अर्नी."

चायनाटाऊनची लाल कमान दिसली. तिथून पन्नास पावलांवर ओडेटच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली. अर्नेस्टिनने मागे पाहिलं. ओडेट दोन्ही हातांनी उजवी पोटरी धरून वाकली होती. कातडीखाली पोटरीचा गोळा वर चढलेला लांबूनही दिसत होता.

अर्नेस्टिन जागच्या जागी पावलं टाकत राहिली. पेसरने थांबायचं नसतं.

"पाय ताण. पंजा वर ओढ. हां, तसा."

"मिस अर्नी," ओडेट वाकूनच म्हणाली, "एक मिनिट थांबता का? फक्त एकच मिनिट."

अर्नेस्टिनने घड्याळ पाहिलं. चार मिनिटं अजून शिल्लक होती, पण खुब्यात आता प्रत्येक पावलाला सुरी फिरत होती. पुढचे पाच मैल ती चार मिनिटं पूर्ण खाणार, हे तिला आतून माहीत होतं. एक मिनिट दिलं तर पाच एकतीस. म्हणजे दुसऱ्यांदा.

"काठी थांबत नाही गं, ओडेट," ती म्हणाली. "माझ्या हातात काठी आहे."

ओडेटने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. "हो की," ती म्हणाली. "खरंच की. जा तुम्ही. जा."

अर्नेस्टिन गेली.

पुढचे पाच मैल तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. रस्ता रुंद होता आणि तिच्या मागे कुणी नव्हतं. फुटपाथवरून एका बाईने ओरडून विचारलं, "काकू, तुमची माणसं कुठे गेली?"  मध्येच एक तरुणी दोनशे पावलं तिच्याबरोबर पळाली आणि मागे पडली. अर्नेस्टिनच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, फक्त पट्टीवरचे आकडे. बावीस, तेवीस. साठवलेली मिनिटं तीन झाली, दोन झाली. चोवीस. खुब्याला ती मोठ्याने शिव्या देत होती, ज्या तिने बसमध्ये उभ्या आयुष्यात कुणाला दिल्या नव्हत्या. पंचविसाव्याला एक मिनिट उरलं. रूझवेल्ट रस्त्यावरची शेवटची चढण इतर दिवशी चढण म्हणूनही ध्यानात येत नाही, त्या दिवशी ती भिंतीसारखी उभी होती. अर्नेस्टिन ती चढली. डावीकडे वळली. काठी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली, कारण रेघ ओलांडताना ती तशी धरायची असते.

"आणि आला बघा," लाउडस्पीकरवरचा माणूस उत्साहाने ओरडला, "साडेपाच तासांचा गट आला! जोरात टाळ्या या सगळ्यांसाठी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती एकटीच होती. पाच तास, एकोणतीस मिनिटं, एकेचाळीस सेकंद.

हॅल रेघेपलीकडे कागद घेऊन उभा होता. त्याने आकडा लिहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

"अर्नी! याला म्हणतात काम. मला धाकधूक होती, खोटं कशाला बोलू? पण तू तूच आहेस. पुढच्या वर्षीचं आत्ताच लिहितो नाव."

"हॅल, माझ्या मागे बघ."

त्याने पाहिलं. "काय?"

"चाळीस जणांना घेऊन निघाले होते."

"माणसं गळतात गं. ऊन होतं आज. काठी वेळेत आली, आपल्या हातात तेवढंच असतं."

"ऊन नव्हे," अर्नेस्टिन म्हणाली. तिला काठीचा आधार घ्यावा लागत होता. "पहिल्या अर्ध्यात मी त्यांना चार मिनिटं पुढे पळवलं. मुद्दाम. शेवटी माझे पाय साथ देणार नाहीत याची मला भीती वाटत होती. ते साथ देणार नाहीत हे मला सप्टेंबरमध्येच कळलं होतं. अर्जातली वेळही खोटी आहे. माझी जागा राहावी म्हणून मी त्या सगळ्यांचा दम जाळला, हॅल."

  हॅलने पेन्सिल कानामागे अडकवली आणि तिच्या हातातून काठी हळूच घेतली.

"बस जरा कुठेतरी," तो म्हणाला. "पाणी पी."

ती बसली नाही. बसली असती तर उठता आलं नसतं. कुणीतरी गळ्यात पदक घातलं, कुणीतरी हातात केळं दिलं. ती खुरडत, कठड्याचा आधार घेत, बाहेरच्या बाजूने उलट दिशेने चालत पुन्हा रूझवेल्टच्या चढणीपाशी येऊन उभी राहिली. अर्धा तास गेला. लायल आला, चालत. तिच्याकडे बघून त्याने नुसता हात वर केला आणि पुढे गेला. 

सहा तास नऊ मिनिटांना ओडेट दिसली. एक पाय ओढत, एक टाकत, पण पळतच होती. पोचायची मुदत साडेसहा तासांची होती, म्हणजे ती पोचणार होती. अर्नेस्टिनला पाहिल्यावर तिचा गोल चेहरा एकदम फुलला.

"मिस अर्नी! वेळेत पोचलात?"

"पोचले."

"किती?"

"पाच एकोणतीस एकेचाळीस."

"बघा!" ओडेट हसली. "मी वाटेत सगळ्यांना सांगत होते, ती बाई सेकंदाची चूक करत नाही म्हणून!"

अर्नेस्टिन कठड्याच्या अलीकडून तिच्याबरोबर चालू लागली.  "ओडेट, ऐक. मी तुला सुरुवातीला जास्त जोरात पळवलं. माझ्या सोयीसाठी. तुझा पाय माझ्यामुळे..."

"आत्ता नको," ओडेट धापा टाकत म्हणाली. "आत्ता मला दुसरं काही सांगू नका. किती राहिलं तेवढं सांगा."

"पाव मैल. एवढी चढण, मग डावीकडे वळायचं, की संपलं."

"नक्की?"

"नक्की."

ओडेटने मान हलवली आणि ती चढण चढू लागली. पुढे कठडा आडवा लावलेला होता, अर्नेस्टिनला तिथेच थांबावं लागलं. ओडेटने मागे वळून पाहिलं नाही. वळणापर्यंत तिची ठेंगणी पाठ दिसत होती, मग दिसेनाशी झाली.

माणसं येतच होती. आता येणाऱ्यांत पळणारे कमी, चालणारे जास्त. एक पोट सुटलेला, घामाने निथळणारा माणूस मान खाली घालून आला. त्याने मान वर केली, त्याची नजर अर्नेस्टिनच्या छातीवरच्या आकड्यांवर गेली, आणि त्याच्या डोळ्यांत अशी काही चमक आली, की तिला ती बघवेना.

"साडेपाच!" तो बाजूच्या मित्राला म्हणाला. "अरे, साडेपाचवाल्या बाईंना गाठलं आपण!"

मित्राने घड्याळ पाहिलं. "नाही रे बाबा. सहा सोळा झालेत."

"असं होय," तो माणूस म्हणाला आणि पुन्हा मान खाली घालून चढणीला लागला.

अर्नेस्टिन मागच्या झाडाआड गेली. घामाने अंगाला चिकटलेला शर्ट तिने मोठ्या कष्टाने डोक्यावरून काढला, उलटा केला आणि पुन्हा घातला. आता पुढेमागे कुठेच काही लिहिलेलं दिसत नव्हतं, फक्त शिवणी बाहेर आल्या होत्या. ती परत कठड्याशी येऊन उभी राहिली आणि पुढचा माणूस आला तेव्हा टाळ्या वाजवू लागली.